दोन मूळ संख्या, एक गुपित: कागदावर करून पाहा

दोन माणसे कधी भेटलेली नाहीत आणि त्यांच्यातली प्रत्येक चिठ्ठी तिसराच कोणी वाचतो आहे. त्यांना एकमेकांशी गुप्तपणे बोलता येईल का? शतकानुशतके याचे उत्तर ‘नाही’ असेच होते. सांकेतिक लिपी कितीही अवघड केली, तरी तिची किल्ली आधी समोरच्याच्या हाती पडावी लागे, आणि ती पोचवायची म्हणजे सुरक्षित वाट आधीच हवी. १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी हा पेच सोडवण्याची दिशा दाखवली. बंद करण्याची किल्ली वेगळी आणि उघडण्याची वेगळी ठेवा, पहिली जगजाहीर करा आणि दुसरी कोणालाही देऊ नका, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी एमआयटीतल्या रॉन रिव्हेस्ट, अदी शमिर आणि लिओनार्ड एडलमन यांना त्यासाठी लागणारे गणित सापडले. तिघांच्या आडनावांवरून त्याला आरएसए म्हणतात. (ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तवार्ता संस्थेत क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ सालीच ते शोधले होते, पण ही गोष्ट १९९७ पर्यंत जगाला कळू दिली नव्हती.)

दहावीपर्यंतचे गणित झालेल्या कोणालाही हे हाताने करता येते, आणि माझ्या मते प्रत्येकाने ते एकदा तरी करावे. ‘तुमची माहिती एन्क्रिप्टेड आहे’ हे वाक्य आपण रोज वाचतो आणि मान डोलावतो. ते कशाच्या जोरावर लिहिलेले आहे हे एका दुपारच्या आकडेमोडीत कळत असेल, तर ती दुपार सत्कारणी लागली असे समजा.

साहित्य

कागद, पेन्सिल, गुणाकारासाठी साधा कॅल्क्युलेटर आणि एक जोडीदार. जोडीदाराला दुसऱ्या खोलीत बसवा. अट एकच: तुम्ही दोघे एकमेकांशी जे बोलाल ते घरातल्या सगळ्यांना ऐकू गेले पाहिजे. कुजबुज नाही, खाणाखुणा नाहीत.

किल्ल्यांची जोडी तयार करणे

पायरी १. दोन मूळ संख्या निवडा. इथे ११ आणि २३ घेऊ. त्यांचा गुणाकार २५३. हा गुणाकार पुढे जाहीर होणार आहे, ११ आणि २३ मात्र फक्त तुमच्या कागदावर राहतील.

पायरी २. दोन्ही संख्यांतून एकेक वजा करा आणि गुणा: १० × २२ = २२०. हा आकडाही गुप्त ठेवायचा.

पायरी ३. २२० शी जिचा १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही अशी एक लहान संख्या घ्या. २२० चे अवयव २, २, ५ आणि ११, म्हणून ३ चालेल. ५ का चालणार नाही? पुढच्या पायरीत ५ ला अशा संख्येने गुणावे लागेल की उत्तर २२० च्या कुठल्या तरी पटीपेक्षा बरोबर १ ने जास्त यावे. २२० ची प्रत्येक पट ५ ने भागली जाते, त्यामुळे तिच्याहून १ ने मोठी संख्या ५ च्या पाढ्यात कधीच येणार नाही. असा आकडा हट्टाने घेतलाच, तर वेगवेगळी अक्षरे एकाच सांकेतिक आकड्यावर येऊन बसतात आणि मग ती कोणालाच, अगदी तुम्हालाही, वेगळी करता येत नाहीत.

पायरी ४. आता ३ ची जोडी शोधा. २२० च्या पटींत १ मिळवत जा आणि ३ ने निःशेष भाग जातो का पाहा. २२१ ला जात नाही. ४४१ ला जातो: ४४१ ÷ ३ = १४७. हीच तुमची खासगी किल्ली.

२५३ आणि ३ हे दोन आकडे मोठ्याने जाहीर करा. ही तुमची सार्वजनिक किल्ली, म्हणजेच पब्लिक की. १४७ जपून ठेवा. ११, २३ आणि २२० लिहिलेला कागद बारीक फाडून टाका. यांपैकी एकही आकडा कोणाच्या हाती लागला, तर तो माणूस चौथी पायरी स्वतःच करून १४७ पर्यंत पोचेल.

निरोप बंद करणे

हे काम जोडीदाराचे. त्याला तुमची खासगी किल्ली माहीत नाही आणि तिची गरजही नाही. दाबले की आपोआप बंद होणारे कुलूप लावायला किल्ली लागत नाही, तसेच हे.

पायरी ५. अक्षरांना क्रमांक द्या: क १, ख २, असे वर्णमालेच्या क्रमाने ह ३३ आणि ळ ३४ पर्यंत. समजा जोडीदाराला ‘मदत’ हा शब्द पाठवायचा आहे. म म्हणजे २५, द म्हणजे १८, त म्हणजे १६.

पायरी ६. प्रत्येक आकड्याचा घन करा, त्याला २५३ ने भागा आणि फक्त बाकी ठेवा. घनच, कारण जाहीर केलेला घातांक ३ आहे.

२५ चा घन १५६२५, बाकी १९२.
१८ चा घन ५८३२, बाकी १३.
१६ चा घन ४०९६, बाकी ४८.

जोडीदार ओरडून सांगेल: एकशे ब्याण्णव, तेरा, अठ्ठेचाळीस. घरातल्या प्रत्येकाने ते ऐकले, आणि २५३ व ३ हेही सगळ्यांनी आधीच ऐकलेले आहेत. तरी निरोप उघडण्याची सरळ रीत फक्त तुमच्याकडे आहे. जोडीदार स्वतःचा मूळ शब्द विसरला, तर त्यालाही या रीतीने तो परत मिळवता येणार नाही.

निरोप उघडणे

पायरी ७. मिळालेल्या प्रत्येक आकड्याचा १४७ वा घात करायचा आणि २५३ ने भागून बाकी ठेवायची. १४७ वेळा गुणाकार म्हणजे दिवस जाईल असे वाटते, पण तसे नाही. वर्गाचा वर्ग, त्याचा वर्ग असे करत गेले की काम झपाट्याने उरकते. २ चे घात काढण्यासाठी अशीच रीत पिंगलाच्या छंदःसूत्रात आहे, तीही दोन हजार वर्षांहून जुनी. मधला १३ घेऊ. प्रत्येक वेळी वर्ग करा आणि लगेच २५३ ने भागून बाकी लिहा, म्हणजे आकडे कधीच फुगत नाहीत:

पहिला घात १३
दुसरा १६९
चौथा २२५
आठवा २५
सोळावा ११९
बत्तिसावा २४६
चौसष्टावा ४९
एकशे अठ्ठाविसावा १२४

आता १४७ = १२८ + १६ + २ + १. म्हणून यादीतले तेवढेच चार आकडे एकमेकांशी गुणायचे. १२४ × ११९ = १४७५६, बाकी ८२. ८२ × १६९ = १३८५८, बाकी १९६. १९६ × १३ = २५४८, बाकी १८. अठरावे अक्षर द.

दहा गुणाकारांत १४७ वा घात हाती आला. खऱ्या वापरात घातांक शेकडो अंकी असतो, तिथेही हीच युक्ती चालते आणि गुणाकार काही हजारांवर जात नाहीत. मोबाइल ते डोळ्याचे पाते लवायच्या आत करतो. १९२ आणि ४८ तुम्ही स्वतः उघडा. वाचून पुढे जाऊ नका. गणित हाताखालून गेले की ते पाठ करावे लागत नाही.

परत तेच का आले?

बाकीच्या हिशोबात घात गोल फिरतात. २५३ ने भागून बाकी ठेवत राहिलात, तर कोणत्याही संख्येचा २२१ वा घात म्हणजे पुन्हा तीच संख्या आणि ४४१ वा घातही तीच. फर्मा यांनी १६४० साली यामागचा नियम मूळ संख्यांपुरता सांगितला, पुढे अठराव्या शतकात ऑयलर यांनी तो व्यापक केला. जोडीदाराने घन केला, तुम्ही त्याचा १४७ वा घात केला, म्हणजे मिळून ३ × १४७ = ४४१ वा घात झाला. संख्या एक पूर्ण वळसा घालून घरी परतली. झटकन पडताळा हवा असेल तर ३ आणि ५ घ्या: गुणाकार १५, दुसरा आकडा २ × ४ = ८. आता २ चा नववा घात ५१२. त्याला १५ ने भागा, बाकी २.

वळसा किती लांबीचा आहे हे २५३ कडे नुसते पाहून कळत नाही. ते कळण्यासाठी ११ आणि २३ हाती लागायला हवेत. सगळे गुपित एवढ्यात आहे.

कागदावरची रीत खऱ्या कामाला का पुरत नाही

घरातल्या एखाद्या हुशार मुलाला वरची सुरक्षितता मोडायला फार वेळ लागणार नाही. तो तुमच्याच सार्वजनिक किल्लीने क पासून ळ पर्यंत चौतीस अक्षरांचे घन करून तक्ता मांडेल आणि १९२ समोर म वाचेल. १४७ ची गरजच नाही. शिवाय तेच अक्षर दर वेळी त्याच आकड्यात बदलते, आणि क चा १ तर १ च राहतो. म्हणून प्रत्यक्षात निरोपात आधी यादृच्छिक आकडे ठरलेल्या पद्धतीने मिसळतात. १९९४ साली सुचवलेली ओएईपी ही अशीच एक पद्धत आहे. तोच मजकूर दोनदा पाठवला तरी दोन्ही वेळा सांकेतिक रूप वेगळे दिसते. ही पायरी गाळणारा प्रोग्राम कितीही मोठे आकडे वापरत असो, त्यावर भरवसा ठेवू नये.

दुसरी अडचण वेगाची. मोठे घात करणे संथ असते, म्हणून सगळा मजकूर या रीतीने बंद करत नाहीत. दर वेळी एक नवी तात्पुरती किल्ली तयार करतात, तिने एईएस या वेगवान पद्धतीने मजकूर बंद करतात आणि सार्वजनिक किल्लीने फक्त ती तात्पुरती किल्ली बंद करून सोबत पाठवतात. आधारचे प्रमाणीकरण असेच चालते. रेशन दुकानात मशीनवर अंगठा लावला की ठशाची माहिती २५६ बिटांच्या तात्पुरत्या किल्लीने बंद होते आणि ती किल्ली आधार प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या सार्वजनिक किल्लीने. मशीनमध्ये उघडणारी किल्ली नसतेच, त्यामुळे दुकानदार किंवा मधली टेलिफोन कंपनी यांना आत काय आहे ते वाचता येत नाही. मात्र गणिताची हमी वाटेपुरतीच असते. दोन्ही टोकांना काय होते, कोणाला धान्य मिळते आणि कोणाचा अंगठा उमटत नाही, हे प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचे आहेत, आणि एन्क्रिप्शनचा दाखला देऊन ते कोणी टाळू नयेत.

उलट दिशेने: सही

पायरी ८. आता खासगी किल्ली आधी वापरा. समजा ४८ या आकड्यावर तुम्हाला सही करायची आहे. त्याचा १४७ वा घात करून बाकी काढा: १६. ‘अठ्ठेचाळीस, सही सोळा’ असे जाहीर करा. ऐकणारा कोणीही १६ चा घन करेल, ४०९६ ला २५३ ने भागेल, बाकी ४८ पाहील आणि म्हणेल की हे १४७ जाणणाऱ्यानेच केले आहे. खऱ्या दस्तऐवजात संपूर्ण मजकुराचा एक ठरावीक लांबीचा गोषवारा, म्हणजे हॅश, काढून त्यावर सही करतात. मजकुरातले एक अक्षर हलले तरी हॅश बदलतो आणि सही जुळत नाही. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, त्यामागेही खासगी किल्लीने सही आणि सार्वजनिक किल्लीने पडताळणी हेच तत्त्व आहे. अशा सहीला कायद्याची मान्यता माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने दिली.

किल्ली नक्की कोणाची?

पायरी ९. ही पायरी लोक हमखास विसरतात आणि खरे धोके इथेच असतात. समजा ‘२५३ आणि ३’ हे तुम्ही सांगितले, पण मधल्या खोलीतल्या माणसाने जोडीदाराला स्वतःचेच आकडे कळवले. जोडीदार बिचारा त्याच्या किल्लीने निरोप बंद करेल, तो माणूस उघडून वाचेल, पुन्हा तुमच्या किल्लीने बंद करून तुमच्याकडे पाठवेल. गणित कुठेही चुकलेले नाही, तरीही गुपित फुटले. वेबसाइटसाठी हे टाळायला प्रमाणपत्रे असतात: ही सार्वजनिक किल्ली या नावाच्याच संकेतस्थळाची आहे, असे सही करून सांगणारी मान्यताप्राप्त संस्था मध्ये उभी असते. म्हणून ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला, तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका, विशेषतः पैशाच्या व्यवहारात.

व्हॉट्सॲपवर हे काम तुम्हीच करू शकता. समोरच्या व्यक्तीची माहिती उघडा, एन्क्रिप्शन या ओळीवर बोट ठेवा. ६० अंकी क्रमांक आणि क्यूआर कोड दिसेल. प्रत्यक्ष भेटीत दोघांनी तो जुळवून पाहा. तिथले गणित आरएसएचे नाही, लंबवर्तुळी वक्रांचे आहे, पण किल्लीची ओळख पटवण्याची गरज तीच. पत्रकार, वकील, संवेदनशील काम करणारे कार्यकर्ते यांनी ही तपासणी अजिबात टाळू नये.

आता फोडून पाहा

पायरी १०. २५३ ला २ ने भागा, मग ३, ५, ७, ११ ने. पाचव्या प्रयत्नात कुलूप तुटते. आकडा मोठा होत जातो तसे हे काम भयंकर वेगाने अवघड होते. ऑगस्ट १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात आरएसएची ओळख करून देताना वाचकांपुढे १२९ अंकी गुणाकार ठेवला. त्याचे अवयव पाडून आतला निरोप वाचणाऱ्याला १०० डॉलर मिळणार होते. तो निरोप उघडला १९९४ साली. इंटरनेटवरून जमलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक महिनोन्‌महिने त्या कामाला लावले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी गुणाकार फुटला. आज किमान २०४८ बिट, म्हणजे ६१७ अंक वापरतात आणि घातांक ३ ऐवजी बहुधा ६५५३७ असतो.

एवढ्या मोठ्या मूळ संख्या मिळतात कशा, हा प्रश्न इथे पडलाच पाहिजे. ३०० अंकांच्या आसपास सुमारे सातशे संख्यांमागे एक मूळ असते, म्हणजे यादृच्छिक संख्या घ्यायची आणि तपासायची, हे पुरते. तपासताना अवयव पाडावे लागत नाहीत. एखादी संख्या मूळ नाही हे तिचा एकही अवयव न शोधता सांगता येते. ही तपासणी अचूक आणि झटपट होऊ शकते, हे २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले. रोजच्या वापरात त्याहून वेगवान संभाव्यतेवर आधारलेल्या कसोट्या असतात. ओळखणे सोपे आणि फोडणे अवघड, या फरकावर जगभरचे व्यवहार उभे आहेत. अवयव पाडायची सोपी रीत नाहीच, हे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही. उलट पुरेसा मोठा क्वांटम संगणक असेल तर ते सोपे होईल, हे पीटर शोर यांनी १९९४ साली दाखवले. म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये वेगळ्या गणितावरची नवी मानके जाहीर केली.

पण आजवर किल्ल्या फुटल्या त्या बहुतेक वेळा असल्या मोठ्या शोधांमुळे नाहीत. २०१२ साली संशोधकांनी इंटरनेटवरच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या, तेव्हा हजारो यंत्रांच्या किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली. राउटरसारख्या उपकरणांनी चालू होताच, पुरेशी यादृच्छिकता जमण्याआधीच, किल्ल्या तयार केल्या होत्या. अशा दोन किल्ल्यांचा मसावि काढला की दोन्ही उघड्या पडतात, आणि मसावि काढणे शाळेतले काम आहे. मूळ संख्या मनाने निवडू नयेत, ऑपरेटिंग सिस्टिमच्या अधिकृत यादृच्छिक स्रोताकडूनच घ्याव्यात, ते यासाठी.

हे तुम्हीच करून पाहा. शेजाऱ्याने सार्वजनिक किल्ली जाहीर केली आहे: ३९१ आणि ३. त्याने एक मूळ संख्या तुमच्यासारखीच निवडली. ३९१ आणि २५३ यांचा मसावि काढा, अवयव मिळवा, दुसऱ्या आणि चौथ्या पायरीने त्याची खासगी किल्ली तयार करा, आणि त्याला आलेला निरोप वाचा: २१, ३५६, १३३. अक्षरांचे क्रमांक वरचेच आहेत आणि शब्द तीन अक्षरी आहे.